खर्जाच्याही खालचा सूर

मार्जारकुळातील प्राण्यांची आवाजावरून वर्गवारी करू गेल्यास तिचे ढोबळमानाने दोन भाग पडतात, गर्जना करणाऱ्यांचा एक आणि घुरघुरणाऱ्यांचा दुसरा. आणि हे दोन्ही भाग एकाच मुलखात पाहावयाचे असतील, तर ग्वाल्हेर आणि त्याच्या आसपासचा चंबळ खोऱ्याचा प्रदेश त्यासाठी फार सोयीचा आहे. शहरातील फूलबाग परिसरात, महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत १९२२ मध्ये उभ्या राहिलेल्या आणि आज महानगरपालिकेकडे असलेल्या गांधी प्राणी उद्यानात पट्टेरी वाघ आणि पांढरे वाघ आहेत. शिंद्यांची उन्हाळी राजधानी असलेल्या शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात मार्च २०२३ मध्ये वाघ पुन्हा आणून सोडण्यात आले आणि मार्च २०२५ मध्ये त्या जंगलाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तर श्योपूर जिल्ह्यातील कुनोच्या ७४८ चौरस किलोमीटरांच्या राष्ट्रीय उद्यानात, जो भाग एकेकाळी ग्वाल्हेर संस्थानातच मोडत असे, चित्ते वावरत आहेत. ग्वाल्हेरमधील लष्कर, मुरार आणि किल्ल्याच्या पायथ्याचे जुने शहर यांतील वाड्यांत, ओसऱ्यांवर आणि दुकानांच्या पायऱ्यांवर पहुडणारी घरची मांजरे तर सर्वांच्या परिचयाची आहेत. यांपैकी वाघ गर्जतो, पण घुरघुरत नाही. चित्ता घुरघुरतो, पण त्याला गर्जना करता येत नाही. आणि या बाबतीत पन्नास किलोंच्या चित्त्याचे नाते वाघाशी न जुळता चार किलोंच्या मांजराशी जुळते.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते घेऊन आलेले विमान ग्वाल्हेरच्याच धावपट्टीवर उतरले आणि तेथून हेलिकॉप्टरने ते प्राणी कुनोला नेण्यात आले. पुढे १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा चित्ते याच मार्गाने आले. भारतातून हा प्राणी नाहीसा झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले होते, त्यामुळे त्याच्या पुनरागमनाची, त्याच्या वेगाची आणि त्याच्या आहाराची चर्चा भरपूर झाली, आणि तसे होणे स्वाभाविक होते. परंतु जगातील हा सर्वांत वेगवान चतुष्पाद प्राणी निवांत असताना, चुलीजवळ बसलेल्या मनीमाऊसारखाच, श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना सलग घुरघुरत राहतो, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली गेली. मांजर का घुरघुरते या वरवर घरगुती वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार या प्रदेशात बसून केला, तर त्याचे उत्तर एकट्या मांजरापाशी न थांबता वाघ, सिंह आणि चित्ता यांच्यापर्यंत पोहोचते, आणि तेथे पोहोचल्याशिवाय ते नीट उमगतही नाही.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. मराठी बोलण्यात मांजराच्या या आवाजाला 'गुरगुर' असेही म्हटले जाते आणि 'घुरघुर' असेही; मात्र गुरगुरणे हे क्रियापद कुत्र्याच्या धमकावणीसाठी आणि रागावलेल्या माणसासाठीही वापरले जात असल्याने त्यात भीती घालण्याची छटा येते. मांजर जेव्हा खरोखर धमकावते, तेव्हा ते फिस्कारते किंवा घशातून जाड, ओढलेला आवाज काढते, पाठ कमानदार करते आणि शेपटी फुलवते, ज्याचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही. येथे विचार करावयाचा आहे तो तोंड मिटलेले असताना निघणाऱ्या, मंद, एकसुरी आणि दोन्ही श्वासांवर चालणाऱ्या आवाजाचा, ज्याला घुरघुर हाच शब्द अधिक शोभतो. आजारपणात छातीतून येणारी 'घरघर' हा तिसराच प्रकार असून त्याचा उल्लेख पुढे येईल, कारण या दोन शब्दांतील केवळ उकाराच्या फरकावर एखाद्या प्राण्याचे आयुष्य अवलंबून असू शकते.

घुरघुरीचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे तिचा अतिशय खालचा स्वर. एका सेकंदात हवेची किती आंदोलने होतात ती संख्या हर्ट्झ या एककात मोजतात, आणि संख्या जितकी कमी तितका स्वर खालचा. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासात घरगुती मांजराच्या घुरघुरीची सरासरी सेकंदाला सुमारे २६ आंदोलने इतकी आढळली. ज्या शहरात हद्दू-हस्सू खाँ यांच्या गायकीची परंपरा वाढली, जेथून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या गळ्यातून महाराष्ट्रात आली आणि जेथे माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून चालत आले आहे, त्या ग्वाल्हेरच्या वाचकाला ही संख्या स्वरांच्या भाषेत सांगितली तर ती लगेच उमगेल. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो, त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर आणि पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झवर बोलते. मांजराची घुरघुर त्या पंचमाच्या बरोबर दोन सप्तके खाली, अतिमंद्र षड्जाच्याही तळाशी येते. वर्षानुवर्षे पहाटे उठून खर्ज भरणाऱ्या गायकालाही जो तळ गाठता येत नाही, तो चार किलोंचा प्राणी झोपेच्या उंबरठ्यावर असताना सहज गाठतो.

माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून पुढचे ऐकतो, म्हणजे २६ हर्ट्झचा मूळ स्वर त्याच्या ऐकण्याच्या अगदी काठावर असतो, आणि तरीही घुरघुर खोलीत स्पष्ट ऐकू येते, याचे कारण त्या मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आणि त्याहून वरच्या पटींचे स्वरही निघत असतात, ज्यांना उपस्वर म्हणतात. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकवलेल्या जवारीच्या दोऱ्याने जे साधते, म्हणजे एका तारेतून अनेक उपस्वर उमलून येणे, तसलेच काहीसे येथे घडते. कान उपस्वर टिपतो आणि मूळ स्वर मात्र मांजराच्या बरगड्यांवर ठेवलेल्या तळहाताला अधिक जाणवतो. मांजराच्या स्वतःच्या कानाची स्थिती याहून विलक्षण आहे, कारण त्याची श्रवणशक्ती वरच्या बाजूला माणसाच्या कितीतरी पुढे जात असली तरी खालच्या बाजूला ती सुमारे ५० हर्ट्झपाशी क्षीण होते, म्हणून घुरघुरीचा मूळ स्वर मांजरालाही ऐकण्यापेक्षा अंगाने जाणवण्याचाच भाग अधिक असावा.

हा स्वर निघतो कसा, याविषयी बराच काळ मतभेद राहिले. घशात घुरघुरीसाठी खास असा कोणताही अवयव सापडत नसल्याने एके काळी असेही मानले जाई की हृदयाकडे परतणाऱ्या मोठ्या नीलेतील रक्ताच्या खळखळाटाने छाती थरथरते आणि तोच हा आवाज होय. १९७२ मध्ये रेमर्स आणि गोतिये या संशोधकांनी स्नायूंतील विद्युत्स्पंदने मोजून ही कल्पना मागे सारली आणि स्वरयंत्राकडे लक्ष वळवले. स्वरयंत्र म्हणजे श्वासनलिकेच्या तोंडाशी असलेली कूर्चांची पेटी, तीत समोरासमोर असलेल्या दोन पडद्यांसारख्या घड्या म्हणजे स्वरतंतू आणि त्या दोहोंमधील फट म्हणजे कंठद्वार. रेमर्स आणि गोतिये यांना असे दिसले की स्वरयंत्राचे स्नायू सेकंदाला वीस-तीस वेळा ठराविक लयीत आकुंचन पावतात, प्रत्येक आकुंचनासरशी कंठद्वार मिटते, त्यामागे हवेचा दाब साठतो आणि ते उघडताच तो दाब सुटून एक लहानसा ठोका उमटतो, आणि असे ठोके एकापाठोपाठ एक पडत राहिल्याने घुरघुर तयार होते. या मताप्रमाणे लय मेंदूत जन्मते आणि स्नायू ती वाजवतात, जणू तबल्यावर बोटे पडत आहेत.

हे स्पष्टीकरण पन्नास वर्षे पाठ्यपुस्तकांत टिकले. त्यात एक अडचण मात्र होती, ती अशी की प्राण्यांतील इतर बहुतेक आवाज, मग ते माणसाचे बोलणे असो की मांजराचेच म्याव, अशा प्रकारे निघत नाहीत. तेथे स्नायू फक्त स्वरतंतूंना योग्य ताणावर आणून ठेवतात आणि फुप्फुसातून येणारी हवा त्यांना आपोआप कंपित करते, जसे पेटीचा भाता दाबताच धातूची पट्टी वाऱ्याने थरथरते आणि पट्टीला हात लावण्याची गरज उरत नाही. मग एकटी घुरघुरच वेगळी का असावी? व्हिएन्ना विद्यापीठातील क्रिस्टियान हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये या प्रश्नाला हात घातला. असाध्य आजारामुळे ज्यांना पशुवैद्यकांनी वेदनारहित मृत्यू दिला होता अशा आठ घरगुती मांजरांची स्वरयंत्रे त्यांच्या मालकांच्या संमतीने अभ्यासासाठी घेऊन, त्यांतून उबदार, दमट हवा सोडण्यात आली. मेंदूशी त्या स्वरयंत्रांचा कोणताही संबंध उरलेला नव्हता, स्नायूंना आज्ञा देणारे कोणी नव्हते, आणि तरीही सर्व आठही स्वरयंत्रांतून २५ ते ३० हर्ट्झचे, घुरघुरीच्या पल्ल्यातले स्वर निघाले.

इतक्या लहान प्राण्याला इतका खालचा स्वर देणारी वस्तू काय, याचे उत्तरही तेथेच सापडले. स्वर जितका खालचा काढावयाचा तितके स्वरतंतू लांब किंवा जड हवेत, म्हणून हत्तीला खालचा स्वर सोपा आणि उंदराला अशक्य. मांजराचे स्वरतंतू लांब नाहीत, परंतु त्यांच्या आत संयोजी ऊतीचे, म्हणजे अवयवांना बांधून ठेवणाऱ्या तंतुमय द्रव्याचे, सुमारे ४ मिलिमीटरपर्यंतचे गादीसारखे फुगवटे आढळले, आणि हे फुगवटे स्वरतंतूंचे वजन वाढवून त्यांचे हेलकावे संथ करीत असावेत, असे त्या संशोधकांचे मत आहे. सतारीच्या तारेवर तांब्याचा पिळा चढवला की ती लांबी न वाढवता खालच्या सुरात बोलू लागते, त्याच जातीची ही युक्ती म्हणता येईल. मात्र या प्रयोगाने १९७२ चे निष्कर्ष पूर्णपणे खोडले असे म्हणणे घाईचे होईल. शरीराबाहेरचे स्वरयंत्र असा स्वर काढू शकते एवढे सिद्ध झाले. जिवंत मांजर तो तसाच काढते की स्नायूंच्या लयबद्ध हालचालीची त्याला जोड देते, हा प्रश्न शिल्लक आहे. ज्यांनी त्या जुन्या प्रयोगांत स्नायूंची स्पंदने प्रत्यक्ष मोजली त्यांची नोंद खोटी नव्हती, आणि दोन्ही निरीक्षणे एकत्र बसतील असे स्पष्टीकरण मिळेपर्यंत थांबणे हेच शास्त्राला धरून आहे.

घुरघुरीचे दुसरे वैशिष्ट्य तिच्या अखंडतेत आहे. माणूस श्वास सोडताना बोलतो आणि श्वास घेण्यासाठी थांबतो, गायकाच्या दमसासाचे कौतुक याच मर्यादेमुळे होते. मांजर मात्र आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या अशा दोन्ही श्वासांवर घुरघुरते आणि त्या दोहोंमध्ये सेकंदाच्या साधारण विसाव्या भागाइतकाच खंड पडतो, जो कानाला जवळजवळ कळत नाही. गुस्टाव पेटर्स यांनी २००२ मध्ये सस्तन प्राण्यांतील अशा आवाजांचा विस्तृत आढावा घेऊन असा निर्णय दिला की या काटेकोर अर्थाने घुरघुरणारे प्राणी मार्जारकुळातील काही जाती आणि जवादी मांजराच्या कुळातील जेनेट नावाचे आफ्रिकी प्राणी एवढेच आहेत. चित्ता त्यांपैकी एक होय. २०१० मध्ये स्वीडनचे रॉबर्ट एकलुंड, पेटर्स आणि एलिझाबेथ ड्युथी यांनी एका चित्त्याची आणि एका घरगुती मांजराची घुरघुर शेजारी शेजारी ठेवून मोजली, तेव्हा चित्त्याचा स्वर साधारण १८ ते २१ आणि मांजराचा २२ ते २३ हर्ट्झ भरला. वजनात दहापटीहून अधिक तफावत असलेल्या दोन प्राण्यांच्या स्वरांत केवळ दोन-चार आंदोलनांचे अंतर असावे, ही गोष्ट थक्क करणारी आहे.

वाघ आणि सिंह या पंगतीत का बसत नाहीत, या प्रश्नाचे जुने उत्तर हाडाशी जोडलेले आहे. जिभेच्या मुळाशी, स्वरयंत्राला टांगून धरणारी लहान हाडांची एक साखळी असते, तिला कंठास्थी म्हणतात. १८३४ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी सिंहाच्या कंठास्थीत एका हाडाच्या जागी लवचिक बंध असल्याचे नोंदवले, आणि १९१६ मध्ये पोकॉक यांनी, ज्यांनी पुढे भारतीय सस्तन प्राण्यांवरही मोठे काम केले, त्याच फरकावर मार्जारकुळाची विभागणी केली. लवचिक बंध असलेले ते गर्जना करणारे, पूर्ण हाड असलेले ते घुरघुरणारे, असे सुटसुटीत सूत्र त्यातून निघाले आणि ते आजही अनेक पुस्तकांत छापले जाते. परंतु हिमबिबट्याने या सूत्राला तडा दिला, कारण त्याची कंठास्थी लवचिक बंधाची असूनही तो गर्जना करीत नाही. अलीकडच्या अभ्यासांत भर आहे तो स्वरतंतूंच्या घडणीवर: सिंह आणि वाघ यांच्या स्वरतंतूंत खोलवर चरबीचा थर असतो, त्यांचा काठ धारदार नसून चपटा व चौकोनी असतो, आणि त्यामुळे फुप्फुसाच्या माफक दाबातही प्रचंड मोठा आवाज निघतो. हाडाचे सूत्र पूर्णपणे टाकाऊ नाही, पण एका हाडाने सारा उलगडा होतो ही समजूत सोडून दिली पाहिजे.

गर्जना आणि घुरघुर यांची तुलना करताना त्यांच्या उपयोगाकडे पाहिले, म्हणजे घुरघुरीचा हेतू प्रथमच स्पष्ट होऊ लागतो. सिंहाची गर्जना शांत रात्री आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाऊ शकते आणि ती प्रामुख्याने दूर असलेल्यांसाठी, प्रतिस्पर्ध्यांसाठी आणि पांगलेल्या आपल्या कळपासाठी असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माधवराव शिंदे यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून श्योपूरच्या जंगलात सोडण्याचा जो प्रयत्न केला, तो त्या सिंहांनी गुरांवर आणि माणसांवर हल्ले केल्यामुळे फसला. त्या काही काळात कुनोच्या आसपासच्या वस्त्यांना सिंहाच्या आवाजाचा अर्थ पुरेपूर कळला असणार. घुरघुर याच्या नेमकी उलट आहे: ती काही हातांच्या पलीकडे पोहोचत नाही, शत्रूच्या कानी जात नाही, तिला फारसे श्रम पडत नाहीत आणि ती ज्याच्यासाठी असते तो अंगाला अंग लावून किंवा अगदी शेजारी असावा लागतो. गर्जनेला अंतर लागते आणि घुरघुरीला जवळीक लागते, आणि प्रस्तुत विषयात सर्वांत महत्त्वाचे काही असेल तर ते हेच आहे.

वाघालाही जवळच्यांशी बोलण्याची गरज पडतेच. तो नाकपुड्यांतून, तोंड मिटून, फुर्र फुर्र असा तुटक फुत्कार सोडतो. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यापाशी ओळखीचा रखवालदार आला असता वाघ असा आवाज करीत असल्याचा अनुभव सर्वत्र आहे. हा आवाज मैत्रीचाच असतो, पण तो फक्त श्वास सोडताना निघतो आणि क्षणात संपतो.

मांजराच्या आयुष्यात ही जवळीक जन्मापासून सुरू होते. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात आणि कानाची वाटही बंद असते. डोळे सात ते दहा दिवसांनी उघडतात आणि कान त्यानंतर हळूहळू कामाला लागतात. या काळात त्याला जग कळते ते वासाने, उबेने आणि स्पर्शाने, आणि आईची घुरघुर ही स्पर्शाने कळणारी गोष्ट आहे. तिच्या पोटाची थरथर ही येथे ऊब आहे, येथे दूध आहे, अशी खूण ठरते. पिल्ले स्वतःही अवघ्या काही दिवसांची असताना घुरघुरू लागतात. म्याव करण्यासाठी तोंड उघडावे लागते आणि त्यासाठी आचळ सोडावे लागते, घुरघुरण्यासाठी मात्र तोंड मोकळे असण्याची गरज नसते, म्हणून पिल्लू दूध पीत असतानाच आईला कळवू शकते की आपण येथे आहोत आणि दूध मिळत आहे. एकाच कुशीत चार-पाच पिल्ले लागलेली असताना त्या मादीला यापेक्षा सोयीचा निरोप कोणता मिळणार? शिवाय बिळात किंवा अडगळीत लपवलेल्या पिल्लांचा मोठा आवाज कुत्र्याला, कोल्ह्याला किंवा अनोळखी बोक्याला वाट दाखवतो, तर घुरघुर त्या आडोशाबाहेर जात नाही.

चित्त्याच्या बाबतीत हा धोका किती मोठा आहे हे आफ्रिकेतील मोकळ्या गवताळ रानांत दिसते, जेथे सिंह आणि तरस चित्त्याची असंख्य पिल्ले मारतात. चित्त्याची मादी पिल्लांना लांबून बोलावताना पक्ष्याच्या किलबिलीसारखा चिरका आवाज काढते, आणि पिल्ले कुशीत आली, मादी त्यांना चाटू लागली, की दोन्हीकडून घुरघुर सुरू होते. मार्च २०२३ मध्ये कुनोत नामिबियाहून आलेल्या ज्वाला या मादीला चार पिल्ले झाली, तेव्हा स्वतंत्र भारताच्या भूमीवर चित्त्याचा वंश प्रथमच वाढला. त्यांतील तीन त्या वर्षीच्या मे महिन्यातील कडक उन्हाळ्यात दगावली आणि एक मादी पिल्लू वनखात्याच्या माणसांच्या देखरेखीत वाढले.

मोठेपणी हीच बालपणाची खूण माणसाकडे वळते. माणसाच्या मांडीवर बसून पुढच्या पंजांनी कणीक तिंबल्यासारखी हालचाल करणारे मांजर, दूध पिताना आईचे पोट दाबण्याची सवय पुन्हा करीत असते, आणि तिच्याबरोबर घुरघुरही येते. परंतु प्रत्येक वेळी घुरघुर म्हणजे समाधान असे नसते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या कॅरेन मॅकॉम्ब यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की अन्न मागताना काही मांजरे नेहमीच्या खालच्या घुरघुरीत एक उंच, रडल्यासारखा स्वर मिसळतात, जो सुमारे ३८० हर्ट्झच्या आसपास असून तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पल्ल्यात येतो. ज्यांनी कधी मांजर पाळले नव्हते अशा श्रोत्यांनाही हे ध्वनिमुद्रण अधिक निकडीचे आणि कमी सुखद वाटले, आणि संगणकाच्या साहाय्याने तो उंच स्वर काढून टाकल्यावर ती निकड ओसरली. पहाटे स्वयंपाकघरात दुधाचे पातेले उतरण्याआधी पायांत घोटाळणाऱ्या मांजराची घुरघुर आणि दुपारी उशीवर पसरलेल्या त्याच मांजराची घुरघुर निराळी लागते, हे घरोघरच्या बायकांना आधीपासून ठाऊक होते. मॅकॉम्ब यांनी त्या निराळेपणाची जागा स्वरात नेमकी दाखवली.

सर्वांत कठीण भाग वेदनेचा आहे. जखमी झालेली, विताना कळा सोसणारी, तपासणीच्या टेबलावर घाबरून चिकटलेली आणि मरणासन्न मांजरेही घुरघुरतात, हे पशुवैद्यक सातत्याने सांगतात. यावरून निघालेली एक कल्पना फार लोकप्रिय झाली आहे, ती अशी की घुरघुरीच्या थरथरीने मांजर स्वतःची हाडे आणि ऊती बऱ्या करते. तिला आधार म्हणून ज्या प्रयोगाकडे बोट दाखवले जाते तो २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला क्लिंटन रुबिन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मेंढ्यांवरचा होता: त्यांच्या मागच्या पायांना वर्षभर, रोज २० मिनिटे, ३० हर्ट्झची अत्यंत सौम्य थरथर देण्यात आली आणि मांडीच्या हाडातील जाळीदार भागाची घनता सुमारे ३४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग पक्का आहे आणि ३० हर्ट्झ ही संख्या घुरघुरीच्या जवळची आहे, हेही खरे. परंतु त्या मेंढ्या थरथरत्या फळीवर उभ्या होत्या, त्यांच्या हाडांवर शरीराचा भार होता, आणि मांजराच्या गळ्यातील थरथर त्याच्या मोडलेल्या पायापर्यंत तेवढ्या जोराने पोहोचते असे कोणी मोजून दाखवलेले नाही. दोन संख्या जुळल्या म्हणून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि या कल्पनेच्या भरवशावर आजारी मांजराला उपचाराविना ठेवणे तर केव्हाही अनुचित होय. त्यापेक्षा अधिक सयुक्तिक वाटते ते असे की जे चिन्ह पिल्लूपणी जवळ राहा, दूर जाऊ नका, असे सांगण्यासाठी होते, तेच संकटातही वापरले जाते. माणूसही दुखण्यात आईला हाक मारतो.

शिवाय सगळी मांजरे सारखीच घुरघुरत नाहीत. जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये २८० मिश्र जातीच्या पाळीव मांजरांचा अभ्यास करून असे सुचवले की एका विशिष्ट संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या जनुकाच्या आखूड रूपाशी अधिक घुरघुरण्याचा संबंध दिसतो. म्हणजे एखादे मांजर कमी घुरघुरते ते रुसलेले असल्यामुळे किंवा घरावर त्याची माया नसल्यामुळे असेलच असे नाही, आणि कित्येक मांजरांची घुरघुर इतकी सूक्ष्म असते की ती फक्त गळ्याखाली बोट ठेवल्यावर लागते.

म्हणून घरी मांजर असलेल्यांनी घुरघुरीबरोबर प्राण्याकडेही पाहिले पाहिजे. डोळे अर्धवट मिटलेले, कान पुढे, अंग सैल, भूक नेहमीसारखी आणि अंग चाटून स्वच्छ ठेवण्याची सवय कायम असेल तर काळजीचे कारण नसते. पण मांजर पलंगाखाली किंवा कपाटामागे लपून बसले असेल, अंग आखडून पाय पोटाखाली घट्ट ओढले असतील, केस विस्कटलेले असतील, दिवसभर खाल्ले नसेल किंवा बोका वारंवार लघवीला बसूनही लघवी होत नसेल, तर तो घुरघुरत असला तरी त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे, आणि लघवी अडलेल्या बोक्याच्या बाबतीत तर तासांचाही विलंब जीवघेणा ठरू शकतो. घुरघुर थांबवता येते, तशी छातीची घरघर थांबत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे: दम्यासारख्या विकारात मांजर मान पुढे ताणून, तोंड उघडून, बरगड्या ओढत श्वास घेते, आणि नळाचे पाणी सोडणे किंवा अनोळखी वास देणे यांनी त्या आवाजात फरक पडत नाही, पशुवैद्यक मात्र हृदयाचे ठोके ऐकताना अडथळा करणारी खरी घुरघुर क्षणभर थांबवण्यासाठी हीच नळाची युक्ती वापरतात.

म्हातारे मांजर अखेरच्या दिवसांत ओळखीच्या हाताजवळ येऊन घुरघुरते तेव्हा त्याला दुखत नसेल, अशी समजूत करून घेऊन वेदनाशामक औषध टाळू नये. ते औषध पशुवैद्यकाने दिलेलेच असावे, कारण माणसांच्या घरात सहज सापडणारी पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराचा प्राण घेऊ शकते. औषध दिल्यानंतर त्याला उबदार, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवावे, पाणी तोंडाजवळ असू द्यावे, आणि त्याने हात जवळ ठेवू दिला तर तो तेथेच राहू द्यावा.